यान स्टेनची दोन भरली घरं: ॲमस्टरडॅमला थांबायचं की हेग गाठायचं?

नेदरलँड्समध्ये एकच दिवस हाताशी आहे आणि डच चित्रकार यान स्टेनचं (१६२६–१६७९) एकच चित्र निवांत बघायचंय. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधला ‘सेंट निकोलसचा सण’ की हेगच्या मॉरिट्सहाउसमधलं ‘मोठे गातील तसे धाकटे वाजवतील’? दोन्ही साधारण १६६५ ते १६७०च्या दरम्यानची.

सणाचं चित्र लहानसं, ८२ बाय ७०.५ सेंटिमीटर. सेंट निकोलससाठी मुलं बूट मांडून ठेवतात. गुणी पोराला खाऊ, द्वाड पोराला फोक. इथे थोरल्याच्या बुटात फोक निघालाय. तो रडतोय, धाकटा भाऊ त्याच्याकडे बोट दाखवून खिदळतोय. मधोमध छोटी मुलगी बाहुली कवटाळून उभी. आई हात पसरते, पण पोरगी देईल तर शपथ! बाहुली म्हणजे संत योहानाची मूर्ती. प्रोटेस्टंट पुढाऱ्यांना संतांचे असले लाड खपत नसत. स्टेन मात्र कॅथलिक. मागे आजी पडद्याशी उभी राहून हळूच खुणावतेय. रडणाऱ्यासाठी तिथे काहीतरी दडवलेलं असणार, हे कुठल्याही नातवाला कळेल.

हेगचं चित्र ऐसपैस, साधारण १३४ बाय १६३. बहुधा बाप्तिस्म्याची मेजवानी. म्हातारी कागद धरून गाणं वाचतेय, एका बाईच्या पेल्यात उंचावरून वाइन ओतली जातेय, वर पोपट बसलाय. आणि बाप हसत हसत पोराला चिलीम ओढायला शिकवतोय. हा बाप म्हणजे खुद्द स्टेन! चित्राच्या नावातली म्हण सांगते, मोठे करतील तसं धाकटे करतात; आणि डच भाषेत वाजवणं आणि चिलीम ओढणं या दोन्हींना एकच क्रियापद, त्यावरची ही कोटी. आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणून मोकळे होतात. घरभर पसारा असला की डच लोक आजही ‘यान स्टेनचा संसार’ म्हणतात, ते कशावरून हे इथे लगेच पटतं.

बरोबर मुलं असतील तर ॲमस्टरडॅमच. गोष्ट सांगावी लागत नाही, तीच बोट दाखवत सुटतात. मोठेच असाल आणि मॉरिट्सहाउसमधलंच व्हर्मीरचं गाजलेलं चित्र ‘मोत्याचं डूल घातलेली मुलगी’ तसंही बघायचं असेल, तर हेग. रेल्वेने तासाभराच्या आत पोचता. हेगच्या चित्रात हसू येतं, पण रडणारं कुणी नाही, म्हणून जीव कुणात अडकत नाही. मी आजीच्या पडद्यापाशीच थांबेन.