‘रशियन लस’वालं सेंटर, जळगाव : एक स्टार, तो पण एसीचा

एक स्टार देतोय, कारण एसी खरंच थंडगार होता. आखाजीच्या आधीची गोष्ट. नानांना लघवीतून रक्त जायला लागलं, दुर्बिणीतून गाठ काढली, रिपोर्ट आला मूत्राशयाचा कॅन्सर, पण स्नायूपर्यंत गेलेला नाही. चाळीस वर्षं बिडी ओढली, दुसरं काय होणार. डॉक्टर म्हणाले आता लस द्यावी लागेल, आणि त्याच आठवड्यात एका पाहुण्याने ग्रुपवर या सेंटरचं पोस्टर टाकलं, ‘कॅन्सरवर रशियन लस, आता खान्देशात’. आम्हाला वाटलं हीच ती.

रजिस्ट्रेशन २५०० रोख, पावती कच्ची. आत कोट घातलेला पोरगा, डॉक्टर आहात का विचारलं तर म्हणे कौन्सिलर. चार डोस ६ लाख, आज बुक केलं तर साडेपाच. फ्रीज उघडून बाटली पण दाखवली, तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना एक्स्पायरी. अरे भो, आम्ही केळीवर फवारायचं औषध घेताना पण बॅच नंबर बघतो!

डिसेंबर २०२४ मध्ये रशियाने कॅन्सरच्या एमआरएनए लसीची घोषणा केली हे खरं, पण ती म्हणजे ज्याच्या त्याच्या गाठीचा नमुना घेऊन त्याच्यापुरती बनवायची लस. नानांची गाठ तर लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात बसलीये, मग ही बाटली कोणाच्या गाठीची, असं विचारलं तर पोरगा म्हणे युनिव्हर्सल आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरात ‘४४ टक्के यश’. तो आकडा मॉडर्ना-मर्क या औषध कंपन्यांच्या दुसऱ्याच लसीच्या ट्रायलचा, १५७ पेशंट, मेलॅनोमा म्हणजे त्वचेचा कॅन्सर, गाठ आधीच काढलेली, आणि लसीसोबत किट्रुडा हे कॅन्सरचं औषध चालू, त्यात आजार परत येण्याचा किंवा मरणाचा धोका ४४ टक्के कमी दिसला होता. मूत्राशयाचा काय संबंध? ट्रायल चालू आहे म्हणाला म्हणून सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर मागितला, तर सर आल्यावर देतो. आणि ट्रायल असेल तर प्रयोगाच्या औषधाचे पेशंटकडून ६ लाख कसे काय घेता, यावर तो नुसता मोबाईल बघत बसला.

नाना उठले. ‘चाल रे, आठे काही खरं नही.’

नंतर कळलं डॉक्टर जी लस म्हणत होते ती बीसीजी, टीबीची, लहानपणी दंडावर टोचतात तीच! १९७६ मध्ये कॅनडात एका डॉक्टरने मूत्राशयाच्या कॅन्सरवर ती वापरून दाखवली, अमेरिकेत १९९० पासून मान्यता आहे, आणि आपल्याकडे सिरमची मिळते, पुण्याची. गंमत म्हणजे तिच्यातल्या जंतूचा वाण मॉस्कोचा, म्हणजे रशियन लस मिळालीच शेवटी. दर आठवड्याला एक अशी सहा वेळा, नळीने आत सोडतात, दोन तास लघवी रोखायची. नाना ते दोन तास घड्याळाकडे बघत शिव्या घालायचे. मग पुढचे सहा तास लघवी उभ्याने नाही, बसूनच करायची आणि संडासात ब्लीच ओतायचं, जंतू जिवंत असतात ना. जळजळ, एक दिवस ताप, बाकी ठीक. सहाही डोस मिळून सेंटरच्या एका डोसच्या जवळपास पण खर्च गेला नाही. पुढची दुर्बीण झाली, आत स्वच्छ. अजून तपासण्या चालू राहतील म्हणे.

सेंटरचे अजून फोन येतात, आता पाच लाख म्हणताय. रजिस्ट्रेशनचे २५०० पंचेचाळीस दिवसांत परत देतो म्हणाले होते, परवा पोळा झाला, अजून पत्ता नाही.