बिनखिळ्यांचे हिवाळी टायर : बर्फावरची पकड आणि तिची मर्यादा

बर्फाळ रस्त्यांवर नेहमी गाडी चालवणाऱ्यांनी बिनखिळ्यांचे, म्हणजे पकडीसाठी धातूचे बारीक खिळे न बसवलेले, हिवाळी टायर बसवावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे. मात्र त्यांच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची, हे आधी समजून घेतले पाहिजे.

तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते. टायर जवळून पाहिला तर नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतात. गाडीच्या वजनाने त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. रुंद खाचांत दाबून बसलेला बर्फही कामी येतो, कारण बर्फाला बर्फच चांगला धरून ठेवतो.

फरक सर्वांत जास्त जाणवतो तो ब्रेक लावताना आणि वळणावर. फोर-व्हील ड्राइव्हमुळे गाडी जागेवरून सहज निघते, पण ती थांबवण्याचे काम शेवटी टायरनाच करावे लागते. म्हणून उन्हाळी टायरवर धावणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीपेक्षा चारही चाकांना हिवाळी टायर असलेली साधी गाडी मला अधिक भरवशाची वाटते. केवळ पुढच्या दोन चाकांना ते बसवून पैसे वाचवणे तर धोक्याचेच आहे, कारण मग वळणावर गाडीची मागची बाजू निसटते.

काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर मात्र, विशेषतः तापमान शून्याच्या आसपास असून वर पाण्याचा पातळ थर असताना, हे टायरही कमी पडतात. तिथे खिळ्यांचे टायर सरस ठरतात, पण अनेक ठिकाणी त्यांना बंदी असते. अशा वेळी वेग आधीच कमी करून पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवावे, आणि ताबडतोब थांबण्याची वेळ आलीच तर एबीएसमुळे (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे) पेडल थरथरले तरी पाय उचलू नये.

उबदार, कोरड्या रस्त्यावर हे मऊ रबर लवकर झिजते आणि गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते, त्यामुळे थंडी सरताच ते उतरवावेत. खरेदी करताना तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह पाहूनच घ्यावे. नुसते ‘एम + एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) हे शिक्के बर्फावरच्या चाचणीची खात्री देत नाहीत. अनेक देशांत नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर असली तरी चालते, पण ती ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी बर्फावर वापरणार नाही.