संगणकावरून घरी फोन: व्हॉट्सअ‍ॅप, व्हायबर आऊट की सॉफ्टफोन?

परदेशातून संगणकावर घरी फोन लावायचा, तर आधी पलीकडे काय आहे ते बघा: स्मार्टफोन, की लँडलाइन किंवा बटणांचा साधा फोन? स्काइपवर दोन्ही जमायचं. ते ५ मे २०२५ला बंद झालं, त्यामुळे आता निवड करावीच लागते.

पलीकडे स्मार्टफोन आणि बरं नेट असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप डेस्कटॉप पुरे. मिनिटाला पैसे पडत नाहीत. संगणक एकदा जोडला की तुमचा मोबाइल बंद असला तरी कॉल लागतो. मात्र मोबाइलवर १४ दिवस व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच नाही, तर संगणक आपोआप लॉगआउट होतो. दुबईकरांना हा मार्ग नाही, तिथे व्हॉट्सअ‍ॅप कॉल अडवलेले आहेत. बोटिमसारखं परवानगी असलेलं अ‍ॅप दोन्हीकडे लागतं.

लँडलाइन किंवा साध्या फोनसाठी व्हायबर आऊट सोपं, म्हणजे व्हायबर अ‍ॅपमधून कुठल्याही नंबरवर फोन लावायची सशुल्क सोय. आधी पैसे भरायचे, अ‍ॅप फक्त आपल्याकडे. नंबर फिरवताना एसटीडी कोडातलं शून्य गाळा: पुण्यासाठी ०२० नव्हे, +९१ २० आणि पुढचे आठ आकडे. घरी अनोळखी नंबर दिसू शकतो आणि वडीलधारी माणसं तो उचलत नाहीत, म्हणून आधी कळवून ठेवा.

रोज तासभर बोलणं असेल, तर सिप खातं (इंटरनेटवरून फोन लावू देणाऱ्या कंपनीकडचं खातं) आणि सॉफ्टफोन (त्या खात्यावरून कॉल करणारं संगणकावरचं अ‍ॅप) बघा: विंडोजवर मायक्रोसिप, इतरत्र लिनफोन किंवा झोइपर. सर्व्हर, युजरनेम, पासवर्ड भरला की झालं. दर पाहताना बिल सेकंदावर होतं की मिनिटावर, हे नक्की विचारा. छोट्या कॉलना तिथेच फटका बसतो. आवाज नेटवरून पाठवण्यासाठी आकड्यांत बदलायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जी.७११ कोडेकला प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात, म्हणजे दोन्ही मिळून तासाला अंदाजे ८० एमबी. नेट तोकडं असेल तर कमी नेट खाणारा जी.७२९ निवडा, आवाज थोडा दबतो पण तुटत नाही.

सॉफ्टफोनचा त्रास बहुतेक राउटरपाशी सुरू होतो. कॉल लागतो, पण एकाच बाजूला ऐकू येतं: आवाजाची पॅकेटं नॅटमध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच पत्त्यावरून नेट देणाऱ्या राउटरच्या व्यवस्थेत, अडकलीत. कॉल दर वेळी बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो: कॉल उचलल्याची पोच सर्व्हरपर्यंत जातच नाही. दोन्हीवर पहिला उपाय एकच, राउटरमधलं ‘सिप एएलजी’ (सिप कॉलच्या पॅकेटांत फेरफार करणारं सेटिंग) बंद करा. तरी नाही जमलं तर सॉफ्टफोनमध्ये स्टन सर्व्हर भरा, तो सॉफ्टफोनला राउटरबाहेरचा आपला पत्ता सांगतो.

आवाज अधूनमधून तुटत असेल, तर वायफाय सोडून लॅन केबल लावा. यूएसबी हेडसेट तिन्ही पर्यायांत घ्याच. आणि तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येत असेल, तर तुमचा माइक बदलून उपयोग नाही. आवाज पलीकडच्या स्पीकरमधून तिथल्याच माइकमध्ये शिरतोय. आईला सांगा, स्पीकर बंद करून फोन कानाला लाव.