‘पर्यंत’ची पंचाईत आणि मायकल स्वॉनचं पुस्तक

ऑफिसच्या ईमेलमध्ये हमखास गोंधळ घालणारा मराठी शब्द म्हणजे ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’, आपल्याकडे दोन्हीकडे एकच शब्द. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’, दुसऱ्याला ‘अन्टिल फ्रायडे’. ‘बाय’ म्हणजे मुदत: त्याआधी काम एकदा झालं की संपलं. ‘अन्टिल’मध्ये क्रिया तोवर चालूच राहते. म्हणून ‘सेंड इट अन्टिल फ्रायडे’ लिहिलं की वाचणारा बुचकळ्यात पडतो.

अशा गोंधळात टाकणाऱ्या शब्दांच्या जोड्या सोडवायला मायकल स्वॉन यांचं ‘प्रॅक्टिकल इंग्लिश युसेज’ (ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, पहिली आवृत्ती १९८०) अजूनही सर्वांत भरवशाचं. नियम दोन-तीन ओळींत, लगेच उदाहरणं, आणि नेहमी होणारी चूक आडवी रेघ मारून छापलेली. ती रेघ फार कामाची आहे, कारण आपली चूक आधी डोळ्यांना दिसते.

वाचताना प्रत्येक नोंदीशेजारी मराठी वाक्य लिहून ठेवावं. ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ यांतला फरक आपल्या भाषेत तयारच आहे: गाडी वेळेवर आली, पेशंट वेळेत पोचला म्हणून वाचला. ‘शेवटी’ मात्र फसवतो. ‘ऍट द एंड’ म्हणजे नुसती जागा, जसं पानाच्या शेवटी. ‘इन द एंड’ म्हणजे बरीच उलथापालथ होऊन अखेर. आणि ताटकळल्यावर ‘एकदाची बस आली’ म्हणतो, तिथे ‘ऍट लास्ट’. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही हेही इथे सापडतं. ‘बद्दल चर्चा केली’ या सवयीमुळे तो ‘अबाउट’ आपोआप घुसतो.

उणिवा आहेत. स्वाध्याय नाहीत, आणि समजावणी सगळी इंग्रजीत, त्यामुळे अगदी नवशिक्यांनी यात पडू नये. भर ब्रिटिश इंग्रजीवर आहे. अमेरिकन फरक दिलेत, पण भारतीय वापराची अपेक्षा ठेवू नका.

२००५ची तिसरी आवृत्ती अकारविल्हे आहे, शब्द आठवला की पान सापडतं. २०१६च्या चौथीत व्याकरण विषयवार लावलंय आणि शब्दांच्या अडचणी वेगळ्या काढल्यात. सलग अभ्यासाला ती चांगली, पण घाईत काही शोधायचं तर आधी मागची सूची उघडावी लागते. टेबलावर ठेवून दिवसातून चारदा उघडायचं असेल, तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत तिसरीची जुनी प्रत मिळते का ते आधी बघा.