मेल मर्जमधले आकडे: आठ महिन्यांच्या सोसायटी बिलांनंतरचा अनुभव

वर्डचं मेल मर्ज (एकाच नमुन्यात शीटमधली माहिती भरून प्रत्येकाचं वेगळं बिल बनवण्याची सोय) आणि एक्सेलची शीट ही जोडी ८४ सदनिकांच्या देखभाल बिलांसाठी आठ महिने वापरल्यावर ठाम मत झालं आहे: पत्ते, नावं, मजकूर यांसाठी ती उत्तम, पण आकड्यांना जसं दिसायला हवं तसं रूप एक्सेलमध्येच द्यावं, वर्डवर सोडू नये.

कारण जोडणीतच आहे. वर्ड शीट उघडतो तेव्हा सेलमध्ये साठवलेली मूळ संख्या उचलतो. आपण सेलला दिलेलं रुपयाचं चिन्ह, स्वल्पविराम, दोन दशांश हा फक्त एक्सेलच्या पडद्यावरचा पोशाख असतो आणि तो मागेच राहतो. म्हणून ₹ १२,३४५.५० बिलावर १२३४५.५ होऊन येतं आणि १८% चं ०.१८ होतं. कधी २१२.४० च्या जागी २१२.४०००००००००००००१ असं शेपूट छापलं जातं. ती एक्सेलची चूक नाही. संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत २१२.४ तंतोतंत साठवताच येत नाही. एक्सेल १५ अंकांपर्यंतच दाखवतो म्हणून ते एरवी लपून राहतं.

वर्डमधला उपाय बहुतेकांना माहीत असतो. ऑल्ट आणि एफ९ दाबलं की फील्डचे, म्हणजे शीटमधली माहिती जिथे भरली जाते त्या जागांचे, कोड दिसतात. मर्जफील्डच्या नावानंतर, महिरपी कंस बंद व्हायच्या आत, रूपाचा स्विच (आकडा कसा दिसावा ते सांगणारी खूण) लिहायचा:

\# ",0.00"

पुन्हा ऑल्ट-एफ९ दाबून प्रिव्ह्यू पाहायचा. कोडमधली शून्यं इंग्रजी कीबोर्डवरचीच हवीत. नवं फील्ड हातानं बनवायचं असेल तर कंस कंट्रोल-एफ९ नेच आणावे, टाइप केलेल्या कंसांना वर्ड नुसती अक्षरं समजतो.

सगळीकडे सुचवला जाणारा "#,##0.00" इथे मुद्दाम टाळला आहे. वर्डमध्ये # च्या जागी अंक नसेल तर तिथे मोकळी जागा सुटते, त्यामुळे रुपयाचं चिन्ह आणि ८७५.०० यांच्यात भलतंच अंतर पडतं. स्वल्पविरामानंतर थेट शून्य लिहिलं की हा त्रास जातो. टक्क्यांची खोच वेगळी आहे. स्विचमध्ये % लिहिलं तर वर्ड फक्त चिन्ह चिकटवतो, शंभरानं गुणत नाही. गुणाकार हवा असेल तर बाहेरून आणखी एक गणिती फील्ड गुंडाळावं लागतं.

आपल्याकडे हा स्विच अपुरा पडतो तो लाखाच्या गटामुळे. दुरुस्ती निधीची १२,३४,५६७ ही रक्कम 1,234,567 अशी छापली तर सभासद दोनदा वाचतात. अक्षरी रकमेचंही तसंच. वर्डचा कार्डटेक्स्ट स्विच ९,९९,९९९ पर्यंतच चालतो आणि तोही इंग्रजीत, हजारांच्या हिशेबानं. बिलासाठी तो निरुपयोगी आहे.

म्हणून एक्सेलमध्ये शेजारी एक मदतनीस रकाना करावा. त्यात टेक्स्ट फंक्शन, त्याच्या आत राउंड फंक्शननं दोन दशांशांवर आणलेली रक्कम, आणि अवतरणात हे रूप:

[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00

कोटी, लाख आणि त्याखालची रक्कम असे हे तीन भाग. उत्तर मजकूर म्हणून तयार होतं, त्यामुळे वर्ड ते जसंच्या तसं छापतो. विंडोजचा प्रदेश भारत असेल तर एक्सेल साध्या रूपातही लाखाचे गट पाडतो, पण तीच फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की गट बदलतात. वरचं रूप दोन्हीकडे टिकतं. उणे रकमा मात्र तिसऱ्या भागात पडतात. आगाऊ भरणा असेल तर चिन्ह काढून आकडा घ्यावा आणि 'जमा' हा शब्द वेगळ्या रकान्यात ठेवावा. आकडे देवनागरीत हवे असतील तर टेक्स्टमध्ये [$-4000439]0 हे रूप चालतं. पावती क्रमांकासाठी ते छान दिसतं.

राउंड आत असण्याला फार महत्त्व आहे. ४,८७५ रुपये थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज ८५.३१२५ होतं. वाटणीतून आलेलं पाणीशुल्क समजा २१२.४१३८ आहे. बिलावर ८५.३१ आणि २१२.४१ छापलं जातं, पण मूळ संख्यांची बेरीज २९७.७२६३, म्हणजे छापताना २९७.७३. सभासदाची बेरीज २९७.७२ येते. हा एक पैसा वर्डच्या कुठल्याही स्विचनं सुटत नाही. प्रत्येक बाब आधी राउंड करून मग बेरीज, हाच क्रम ठेवायचा.

मूळ संख्येचा रकाना मात्र पुसू नये. 'थकबाकी शून्याहून जास्त असेल तरच सूचना छापा' अशी अट त्याच्यावरच लावायची. अटीला संख्या, छपाईला मजकूर.

सर्वात फसवा भाग सदनिका क्रमांकाचा. शीट जोडणारा ड्रायव्हर पहिल्या ८ ओळी पाहून रकान्याचा प्रकार ठरवतो. वर १०१, १०२ असे नुसते आकडे आणि शेवटी 'दुकान ३' असेल तर त्या दुकानाच्या बिलावर रिकामी जागा किंवा शून्य येतं, कसलीही सूचना न देता. क्रमांकाला & आणि रिकामं अवतरण जोडून सगळा रकाना मजकूर करावा. सुरुवातीची शून्यं असलेल्या सभासद क्रमांकांचाही असाच मजकूर करावा, पण ती शून्यं नुसत्या सेलच्या रूपामुळे दिसत असतील तर त्यासाठी टेक्स्ट फंक्शनच वापरावं.

शीट वर्डला जोडण्याची डीडीई नावाची जुनी वाट अजून आहे. ऑप्शन्समधल्या अॅडव्हान्स्डखाली 'कन्फर्म फाइल फॉरमॅट कन्व्हर्जन ऑन ओपन' चालू करून शीट जोडताना ती निवडली की एक्सेलमध्ये दिसतं तसंच वर्डमध्ये येतं. पण ती वर्कबुकमधली पहिलीच शीट वाचते आणि एक्सेल उघडं ठेवते. दर महिन्याच्या शीट एकाच फाइलमध्ये असतील तर तिचा उपयोग नाही.

तारखांनाही मदतनीस रकानाच बरा. वर्डमध्येच करायचं असेल तर \@ स्विचमध्ये महिन्याची अक्षरं कॅपिटल लिहावीत, लहान अक्षरांचा अर्थ मिनिटं होतो.

छपाईआधी प्रिव्ह्यूमध्ये चार बिलं उघडावीत: सर्वात मोठ्या रकमेचं, शून्य थकबाकीचं, आगाऊ भरण्याचं आणि शेवटच्या दुकानाचं. शीट सेव्ह करून बंद केल्यावरच वर्ड उघडावा, नाहीतर शेवटची दुरुस्ती बिलात येत नाही.