एनकर्सेस: टर्मिनलच्या पडद्यासाठी भरवशाची लायब्ररी

आमच्या वाचनालयाच्या पुस्तकनोंदीसाठी मी सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला, तेव्हा पडदा पुसणे, कर्सर हलवणे, रंग बदलणे या सगळ्यांसाठी एस्केप संकेत (टर्मिनलला आज्ञा देणारे विशेष बाइटक्रम) थेट छापले होते. एक्सटर्म या खिडकीत चालणाऱ्या टर्मिनलमध्ये तो उत्तम चालला, मात्र लिनक्सच्या साध्या कन्सोलवर एफ-१ दाबल्यावर मदतीचे पान उघडेना, कारण त्या कळेसाठी एक्सटर्म एक बाइटक्रम पाठवतो आणि कन्सोल दुसराच. त्यानंतर मी सगळा प्रोग्राम एनकर्सेस या तयार फंक्शनांच्या लायब्ररीवर नव्याने बांधला आणि त्याचे मला मनापासून समाधान आहे.

ही लायब्ररी टर्म या पर्यावरण-चलातून टर्मिनलचे नाव घेते, टर्मइन्फो या टर्मिनलांच्या माहितीकोशात त्याच्या क्षमता शोधते आणि कीपॅड ही सोय चालू केली असल्यास एफ-१ कुठूनही आली तरी आपल्या हाती एकच संकेतांक देते. त्याहून मला मोलाचे वाटते ते तिचे रिफ्रेश: आधीचा पडदा आणि नवा पडदा ताडून ती फक्त बदललेला भाग पाठवते, त्यामुळे दूरच्या संगणकाशी असलेल्या संथ एसएसएच जोडणीवरही यादी लुकलुकत नाही. १९९३ पासूनच्या या लायब्ररीची देखभाल थॉमस डिकी अनेक वर्षे चिकाटीने करत आहेत, हे आवर्जून सांगायला हवे.

काही गोष्टी मात्र आधीच माहीत असाव्यात. एस्केपची कळ दाबल्यावर पुढचे बाइट येतात का, याची ती मुळात १००० मिलिसेकंद वाट पाहते, कारण एफ-१सारख्या कळांचे बाइटक्रमही एस्केपनेच सुरू होतात. मी ती मुदत २५ वर आणली. टर्मिनल पूर्ववत करणारे एण्डविन हे फंक्शन न बोलावता प्रोग्राम कोसळला, तर टर्मिनल बिघडलेल्या अवस्थेत राहते आणि रिसेट आज्ञा द्यावी लागते. विंडोजसाठी पीडीकर्सेस हा वेगळा पर्याय आहे.

मराठीसाठी लायब्ररीची वाइड-कॅरेक्टर (एकाहून अधिक बाइटांची अक्षरे हाताळणारी) आवृत्ती जोडणे आणि पडदा सुरू करण्यापूर्वी भाषा व अक्षरसंकेत ठरवणारे सेटलोकेल बोलावणे अत्यावश्यक आहे. तरीही ‘लक्ष्मी’सारख्या जोडाक्षरी शब्दाने पडद्यावरच्या किती अक्षरजागा व्यापल्या, याचा लायब्ररीचा हिशेब आणि टर्मिनलने प्रत्यक्ष काढलेली अक्षरे जुळतीलच असे नाही, आणि तक्त्याची उजवी चौकट सरकते. म्हणून मी दाखलांक आणि तारीख डावीकडे घेऊन पुस्तकाचे नाव शेवटच्या रकान्यात ठेवले व उजवी चौकट काढून टाकली.