वर्षभर दोन ज्ञानकोश आणि शनीच्या चंद्रांची साडेसाती

परवा बँकेचा मेसेज आला तेव्हा कळलं, विकतच्या ज्ञानकोशाची वर्गणी मला न विचारता पुन्हा वर्षभरासाठी कापली गेली. हे त्याच तिडिकेत लिहितोय, आधीच सांगतो.

घेतला कशाला होता? तज्ज्ञांनी लिहिलेलं, संपादकांनी तपासलेलं, म्हणजे पुन्हा ताडून बघायला नको, एवढाच हिशोब. फुकटचा कोश म्हणजे कुणीही यावं नि बदलून जावं. त्यावर विसंबायचं नाही, हे मनात पक्कं. पहिले तीन महिने झकास गेले. जाहिराती नाहीत, भाषा एकसारखी, लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव.

मग भाचीने विचारलं, शनीला चंद्र किती? विकतच्या कोशात मजकुरात १४६, शेजारच्या तक्त्यात ८२. मार्च २०२५ मध्ये आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळून आकडा २७४ वर गेलाय, तो कुठेच नाही. एक जुना आकडा समजू शकतो हो, पण एकाच पानावर दोन? चूक कळवायचा फॉर्म भरला. आभाराचा ठरावीक मेल आला आणि पुढे सामसूम.

फुकटच्या कोशात २७४ होता. तिथे ‘इतिहास’ नावाचा टॅब असतो, मी कधी उघडलाच नव्हता. उघडला आणि रात्रीचा दीड वाजला! आकडा कुणी बदलला, किती वाजता, कशाच्या आधारावर, मधेच कुण्या टवाळाने ९९९ टाकला तो कुणी उडवला, सगळं तारीखवार. मलाही चेव आला, एक वाक्य घातलं. सहा मिनिटांत उडालं. शेरा : संदर्भ नाही. आधी डोकं फिरलं. मग वाटलं, बरोबरच आहे की. विकतवाल्यांनी पाच महिन्यांत ‘तुमचंच चुकतंय’ एवढंही कळवलं नव्हतं.

दाखले दोन्हीकडचे आहेत. २००५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने ४२ विषयांवरचे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, फुकटच्या विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, विकतच्या ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकाने तपासणीच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. त्याच वर्षी पत्रकार जॉन सीगेनथालर यांच्याबद्दलचा सपशेल खोटा मजकूर विकिपीडियावर चार महिने तसाच होता. ‘इतिहास’ तेव्हाही होता, उघडून बघतंय कोण?

वर्गणी रद्द करायला लॉगिन केलं आणि शनीच्या कड्यांवरचा लेख वाचत बसलो. आता इथे पंचाईत. मुख्य कड्यांचा पसारा अडीच लाख किलोमीटरांहून जास्त, जाडी मात्र साधारण १० मीटर. लेखकाने तिथूनच सुरुवात केलीय, आणि कड्यांतले तुकडे एकमेकांवर आदळून त्यांची वर-खाली हालचाल कशी मरत जाते नि कडी इतकी पातळ कशी राहतात, ते असं उलगडलंय की भाचीने पुढचं विचारायच्या आत उत्तर आलेलं असतं. फुकटच्या कोशात हीच माहिती तीन परिच्छेदांत विखुरलेली, त्यात दोन वाक्यं एकच गोष्ट सांगणारी. काय गाळायचं हे ठरवणारा एक माणूस लागतो, हे मान्य.

पण त्या देखण्या लेखाखाली नुसतं ‘सुधारित’ आणि तारीख. काय सुधारलं? पत्ता नाही.

पुढच्या वर्षीची वर्गणी बंद केली. कापलेले पैसे परत मिळत नाहीत म्हणे, त्यामुळे वसूल होईपर्यंत लेख तिथलेच वाचणार, आकडे दुसरीकडून घेणार. तक्त्यात आज सकाळीही ८२च होते.